दुखते जांघेत, एमआरआय कमरेचा

गेल्या पावसाळ्यात ४२ वर्षांचे एक गृहस्थ मधुमेहाच्या तपासणीसाठी माझ्याकडे आले. तुर्भ्याच्या मार्केटमधून भाजीचा टेम्पो चालवतात, राहायला कोपरखैरण्याला. (ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदलले आहेत.) शुगरचे बोलून झाले, चिठ्ठी लिहून झाली आणि उठता उठता त्यांनी विचारले, "डॉक्टर, सायटिकावर काही नवीन गोळी आलीय का हो?" सोबत एक मोठी पिशवी होती, ती त्यांनी टेबलावर रिकामी केली. कमरेचे दोन एमआरआय, वर्षभराच्या अंतराने काढलेले. कमरेच्या पट्ट्याची पावती, ट्रॅक्शनच्या दहा बैठकांची पावती, मणक्यात दिलेल्या एका इंजेक्शनचे कागद आणि नसांच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. दोन वर्षांत पन्नास-साठ हजार गेले असतील, असे त्यांचे म्हणणे.

मी म्हटले, "हात लावून दाखवा, नेमके कुठे दुखते?" त्यांनी पंजा अर्धगोल वाकवून खुब्याभोवती धरला. अंगठा मागे कुल्ल्यावर, बोटे पुढे जांघेत. मग सांगू लागले, "गाडीतून उतरताना जांघेत काहीतरी अडकतं. पाय जागच्या जागी धरतो. जरा झटका दिला की टक् करून सुटतं. मग दोन दिवस ठणकतं."

"हे आधीच्या डॉक्टरांना सांगितलंत का?"

"त्यांनी विचारलं नाही. रिपोर्ट बघितले."

मी त्यांना पलंगावर पाठीवर झोपवले. मांडी आणि गुडघा काटकोनात दुमडला आणि पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला नेले. असे केले की मांडी सांध्यात आतल्या बाजूला वळते. डावा पाय आरामात वळला. उजवा जेमतेम बोटभर हलला आणि त्यांनी माझे मनगट घट्ट धरले. या सगळ्याला दोन मिनिटेही लागली नाहीत. दुसऱ्या दिवशी ते दोन्ही खुब्यांचा साधा एक्स-रे काढून घेऊन आले. उजव्या सांध्याभोवती भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पांढरे गोल दाणे विखुरलेले होते. आधीच्या दोन वर्षांत त्यांच्या खुब्याचा एकही एक्स-रे निघालेला नव्हता.

मला त्या दिवशी राग आला. हा लेख त्याच रागातून लिहीत आहे, त्यामुळे भाषा थोडी कडक वाटली तर समजून घ्या. राग कोणा एका डॉक्टरवर नाही, कारण यात मीही आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका आजींच्या गुडघेदुखीवर मी तीन महिने औषधे दिली. गुडघ्याचा एक्स-रे वयाच्या मानाने बरा होता, तरी मी गुडघ्यालाच धरून बसलो. त्यांचा खुब्याचा सांधा पार झिजला होता. मी तो कधी हलवूनच पाहिला नव्हता.

कंबर म्हणजे नेमके कुठे?

या गोंधळाची सुरुवात आपल्या भाषेपासून होते. मराठीत 'कंबर' हा शब्द फार ऐसपैस आहे. बरगड्यांच्या खालपासून कुल्ल्यापर्यंत, बाजूच्या हाडापासून माकडहाडापर्यंत सगळीच कंबर. बायका कडेवर मूल घेतात तीही कंबर आणि पोते उचलताना लचकते तीही कंबर. 'खुबा' म्हटले की बहुतेक लोक मांडीच्या बाहेरच्या बाजूचे हाताला लागणारे टणक हाड दाखवतात, नाहीतर कुल्ला दाखवतात. प्रत्यक्षात खुब्याचा सांधा त्या दोन्ही ठिकाणी नसतो. तो पुढे, जांघेच्या घडीमागे खोलवर असतो. म्हणून सांध्याचे दुखणे बहुधा जांघेत लागते, मांडीच्या पुढच्या बाजूने उतरते आणि कित्येकदा थेट गुडघ्यात जाणवते, कारण खुब्याला आणि गुडघ्याला जाणाऱ्या काही नसा एकच आहेत. थोड्या लोकांना कुल्ल्यातही दुखते, आणि तिथेच सगळी फसगत होते.

रुग्ण म्हणतो "कंबर दुखते, पायात कळ जाते". डॉक्टर लिहितात सायटिका. एमआरआय सेंटरला फोन जातो. रिपोर्टात चौथ्या-पाचव्या मणक्यामधली डिस्क फुगलेली आणि नसेला टेकलेली दिसते. झाले, पुरावा मिळाला! 'गॅप आली', 'नस दबली' हे शब्द एकदा घरात शिरले की पुढची पाच वर्षे बाहेर पडत नाहीत.

पण फुगलेली डिस्क हा पुरावा कशाचा? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात कंबर अजिबात दुखत नसलेल्या ३११० माणसांच्या स्कॅनचे निष्कर्ष एकत्र केले होते. वयाच्या २०व्या वर्षी ३० टक्के, ४०व्या वर्षी ५० टक्के आणि ५०व्या वर्षी ६० टक्के लोकांत डिस्क फुगलेली आढळली. पुन्हा सांगतो, यांना काहीही त्रास नव्हता. म्हणजे चाळिशीतल्या कोणालाही वाशी स्टेशनवरून धरून आणले आणि कमरेचा एमआरआय काढला, तर निम्म्या वेळा 'काहीतरी' निघणारच. माझ्या टेम्पोवाल्या रुग्णाच्या दोन्ही रिपोर्टात ते निघाले. खरे दुखणे त्या चित्राच्या चौकटीबाहेर, वीतभर खाली आणि पुढे बसले होते.

एकाच माणसाच्या कंबरेत आणि खुब्यात दोन्हीकडे दोष असू शकतो आणि एक दुसऱ्याला झाकू शकतो, हे १९८३ साली ऑफिएर्स्की आणि मॅक्नॅब यांनी 'हिप-स्पाइन सिंड्रोम' या नावाने मांडले. चाळीस वर्षे उलटून गेली. आमच्या परीक्षांत हा प्रश्न येतो. ओपीडीत मात्र येत नाही.

सांध्यातला उंदीर

आता त्या साबुदाण्याबद्दल. खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या खोल वाटीत फिरतो. गोळ्यावर आणि वाटीत कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते, भोवती एक पिशवी असते आणि त्या पिशवीचे आतले आवरण वंगणासारखा द्रव तयार करते. या बंद पिशवीत हाडाचा किंवा कूर्चेचा एखादा कण सुटा होऊन फिरू लागला, तर त्याला आम्ही 'लूज बॉडी' म्हणतो. जुने युरोपीय डॉक्टर याला 'सांध्यातला उंदीर' म्हणत आणि ते नाव मला फार आवडते. आज इथे, उद्या तिथे, धरायला जावे तर निसटतो, आणि अधूनमधून कुरतडतो. ही ओळख नवी नाही. १५५८ साली आंब्रुआझ पारे या फ्रेंच शल्यवैद्याने गुडघ्यातून असा तुकडा काढल्याची नोंद आहे. गुडघा हाताशी आहे, तिथला तुकडा कधी कधी बोटालाही लागतो. खुबा मांसात खोल गाडलेला, तिथे हाताला काहीच लागत नाही.

तुकडा येतो कुठून? अपघातात गोळ्याचा किंवा वाटीचा कपचा उडतो. झिजलेल्या सांध्याच्या कडेला वाढलेले हाड तुटते. गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून तो ढासळतो आणि त्याचा पापुद्रा सुटतो. आणि माझ्या रुग्णासारखा एक वेगळाच प्रकार असतो, सायनोव्हियल कॉन्ड्रोमॅटोसिस. त्यात पिशवीचे अस्तर स्वतःच कूर्चेचे दाणे तयार करून सांध्यात सोडत राहते. हा बहुधा तिशी ते पन्नाशीत, पुरुषांना जास्त होतो. गुडघ्याच्या खालोखाल खुब्यात आढळतो. दाणे डझनांनी असू शकतात.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हा तुकडा गोळीने विरघळत नाही. कॅल्शियम बंद केल्याने जात नाही, सुरू केल्याने वाढत नाही. काढ्याने, लेपाने, तेलाने, 'सांधे मोकळे करणाऱ्या' मालिशने जात नाही. उलट सुटा झाला तरी कूर्चेचा तुकडा मरत नाही, कारण कूर्चेला रक्त लागत नाही. सांध्यातल्या द्रवावर ती जगते आणि काही वेळा हळूहळू वाढतेही. तो तुकडा गोळा आणि वाटी यांच्यामध्ये सापडला की जात्यात खडा गेल्यासारखे होते. प्रत्येक पावलाला अस्तर थोडे खरवडले जाते. खरवडलेली कूर्चा पुन्हा पूर्वीसारखी होत नाही. दोन वर्षे चुकीच्या जागी उपचार झाले तर पैसे जातातच, ते परत कमावता येतील. सांध्याचे अस्तर कमावता येत नाही.

"पण हा तर दुर्मीळ आजार"

माझे एक अस्थिरोगतज्ज्ञ मित्र हे वाचून म्हणतील, अरे, कंबरदुखीचे शंभर येतात तेव्हा खुब्यातल्या तुकड्याचा एखादा येतो, कुठे शोधत बसायचे? बरोबर आहे. मी कोणालाही तुकडे शोधायला सांगत नाही. मी फक्त खुबा वळवून पाहायला सांगतो. त्याच दोन मिनिटांत खुब्याची झीज सापडते, गोळ्याचा रक्तपुरवठा गेल्याची शंका येते, पडलेल्या आजींच्या खुब्यातले न सरकलेले फ्रॅक्चर कळते, आणि बारा वर्षांच्या लठ्ठ मुलाच्या 'गुडघेदुखी'मागे खुब्याची वाढीची चकती सरकलेली असते, तीही पकडता येते. हे सगळे मिळून काही दुर्मीळ नाही.

त्यातला रक्तपुरवठ्याचा भाग मुंबईकरांनी तरी विसरू नये. २०२१ साली माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीएमजे केस रिपोर्ट्समध्ये तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. तिघेही चाळिशीच्या आतले. कोविडमध्ये स्टेरॉइड घेतलेले. पुढे खुब्याचा एव्हीएन झाला, म्हणजे मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून त्याचा भाग मेला. एकूण स्टेरॉइड सरासरी ७५८ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतके होते आणि कोविडच्या निदानानंतर सरासरी ५८ दिवसांत त्रास सुरू झाला होता. तोवर समज असा होता की यासाठी साधारण २००० मिलिग्रॅम लागतात आणि सहा महिने ते वर्ष जाते.

त्या वेळी बातम्यांत आणखी एक गोष्ट आली होती, ती माझ्या डोक्यातून जात नाही. हे रुग्ण स्वतः डॉक्टर होते. लक्षणे ओळखून ते वेळेत तपासायला गेले आणि त्यांचे औषध लवकर सुरू झाले. (त्या औषधाच्या उपयोगाबद्दल जगभर एकमत नाही, पण गोळा ढासळण्याआधी निदान व्हावे यावर एकमत आहे.) आता विचार करा, त्याच महिन्यांत ज्याने स्टेरॉइड घेतले आणि जो डॉक्टर नव्हता, त्या घणसोलीच्या रिक्षावाल्याचे काय झाले असेल? त्याला जांघेत दुखू लागल्यावर कशाचा एमआरआय लिहून मिळाला असेल? मला अंदाज आहे, कारण त्यांच्यातले काही जण पुढे काठी टेकत माझ्याकडे आले.

स्टेरॉइडशिवाय दारूनेही हे होते. विदर्भात आणि नंदुरबार-पालघरच्या आदिवासी भागांत सिकलसेलमुळे तरुण मुलांत होते. आणि नाव नसलेल्या पुड्यांमधूनही होते. सांधेदुखीवर 'एका दिवसात आराम' देणाऱ्या, लेबल नसलेल्या भुकटीत बऱ्याचदा स्टेरॉइड असते. महिनोन्महिने अशी पुडी घेत असाल तर ती अचानक बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून त्यांच्या सल्ल्याने कमी करा. पण घेत आहात हे लपवू तरी नका. मी ओरडणार नाही, वचन देतो.

आमचा दोष, तुमचाही थोडा

खुबा तपासायला काय लागते? पलंग, पडदा, सैल कपडे आणि दोन मिनिटे. आमच्या नोडांमधले बरेच दवाखाने म्हणजे दहा बाय बाराचा गाळा. बाहेर पंचवीस माणसे, आत खुर्चीसमोर खुर्ची. घट्ट जीन्स घातलेल्या माणसाला झोपवून तपासण्यापेक्षा कागदावर पाच अक्षरे लिहिणे सोपे जाते. शिवाय कट प्रॅक्टिस नावाची कीड आहेच. तपासणी केंद्राकडून पाठवणाऱ्या डॉक्टरला वाटा जातो हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. वैद्यक परिषदेच्या नियमांत ते निषिद्ध आहे, तरी चालते. खुबा वळवून पाहण्यात कोणालाच कमिशन मिळत नाही.

तुमचा दोष असा की तपासणाऱ्यापेक्षा मोठा रिपोर्ट तुम्हाला भारी वाटतो. "एक्स-रे कशाला, डायरेक्ट एमआरआयच लिहा ना डॉक्टर" हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकतो. एमआरआय काही जादूचा आरसा नाही. ज्या भागाचा काढला, तेवढेच तो दाखवतो. कमरेच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये खुब्याचा सांधा येतच नाही. तेव्हा "एमआरआय केलाय, सगळं नॉर्मल आहे" असे कोणी सांगितले, तर आधी विचारा, कशाचा केला?

अपघाताबद्दल इथेच सांगून टाकतो. सायन-पनवेल हायवे आणि पाम बीच रोड जवळ असल्याने हे आपल्याला लागू आहे. गाडी समोरून आदळली की बसलेल्या माणसाचा गुडघा डॅशबोर्डवर आपटतो आणि मांडीचा गोळा बहुधा मागच्या बाजूला वाटीबाहेर निघतो. ही तातडीची अवस्था आहे. सहा तासांच्या आत, भूल देऊन, रुग्णालयातच सांधा बसवला गेला पाहिजे. हाडवैद्याकडे नेऊन खेचाखेची करणे म्हणजे गोळ्याच्या रक्तपुरवठ्याशी जुगार. आणि सांधा बसला म्हणजे संपले, असेही नाही. बसवल्यानंतर सीटी स्कॅन करून आत एखादा कपचा अडकलेला नाही ना, हे पाहावे लागते. घाईत हा स्कॅन राहून गेला आणि वर्षभराने पोरगा लंगडत आला, असे मी पाहिले आहे. तुमच्या घरी असे कोणी असेल तर डिस्चार्जच्या आधी विचारा, "बसवल्यानंतरचा सीटी झाला का?"

तपास कसा व्हावा

सुरुवात तुमच्या सांगण्यापासून. बूट-मोजे घालताना, खाली मांडी घालून बसताना, रिक्षात किंवा गाडीत चढता-उतरताना जांघेत कळ येते का? पाय मध्येच अडकतो आणि हलवल्यावर सुटतो का? कटकट आवाज येतो, एवढ्यावर घाबरू नका. बिनदुखरा आवाज बऱ्याच निरोगी खुब्यांतून येतो, तो स्नायूचा पट्टा हाडावरून घसरल्याचा असतो. दुखून अडकणे महत्त्वाचे. उलट दुखणे कमरेच्या मध्यातून निघून मांडीच्या मागून पोटरीत, पावलात उतरत असेल, मुंग्या येत असतील, खोकल्यावर कळ जात असेल, तर मणक्याकडेच बघायला हवे. आणि लघवी अडली, किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

मग खुबा हलवून पाहणे. मग साधा एक्स-रे, दोन्ही खुब्यांचा एकत्र समोरून आणि दुखऱ्या बाजूचा आडवा. काहीशे रुपयांचे काम. दोन्ही बाजू का, तर बऱ्या बाजूशी ताडून पाहता येते म्हणून. पण एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे तुकडा नाही, असे नव्हे. ज्या तुकड्यात चुना साठलेला नसतो, निव्वळ कूर्चेचा असतो, तो एक्स-रेत दिसत नाही. लक्षणे आणि तपासणी खुब्याकडेच बोट दाखवत असतील तर इथे एमआरआय योग्य, आणि तो खुब्याचा. हाडाच्या कपच्यासाठी सीटी अधिक चांगला. तरीही कंबर की खुबा हा वाद मिटला नाही, तर सोनोग्राफी किंवा एक्स-रेखाली बघत सांध्यात भुलीचे औषध टोचतात. तासाभरात चालताना दुखणे जवळपास गेले तर चोर सांध्यातच आहे. मला ही चाचणी फार आवडते, कारण ती चित्रावर भरवसा ठेवत नाही, तुमच्या दुखण्यालाच साक्षीला बोलावते.

ताप आणि खुब्यात असह्य दुखणे एकत्र असेल तर वरचे काहीही करत बसू नका. सांध्यात पू झालेला असू शकतो. तो तासांचा खेळ आहे.

तुकडा दिसला की काढायचाच का?

आता मला उलट बाजूनेही भांडायचे आहे. कंबरेच्या एमआरआयचा जो धंदा झाला, तोच उद्या खुब्याच्या एमआरआयचा होऊ शकतो. वाटीच्या कडेला रबरी वॉशरसारखी एक कड असते, लॅब्रम. ती 'फाटली' असे रिपोर्टात आले की लगेच दुर्बिणीच्या ऑपरेशनचा खर्च सांगितला जातो. २०१२ च्या एका अभ्यासात खुबा न दुखणाऱ्या ४५ स्वयंसेवकांचा एमआरआय काढला. सरासरी वय ३८ च्या आसपास. ६९ टक्के लोकांत लॅब्रम फाटलेली निघाली! डिस्कचीच गोष्ट पुन्हा.

तुकड्याबाबतही तेच तारतम्य. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत एखादा लहान तुकडा दिसला, तो कोपऱ्यात गप्प बसला आहे आणि तुम्हाला काही त्रास नाही, तर बहुधा लक्ष ठेवणे पुरते. पाय अडकतो, हालचाल कमी होत चालली आहे, किंवा तुकडा गोळा-वाटीच्या मध्ये सापडला आहे, तर तो काढायला हवा आणि उगाच रेंगाळू नये. सांधाच पार झिजला असेल तर नुसते तुकडे वेचून उपयोग नसतो. घराचा पाया खचलेला असताना अंगण झाडण्यासारखे आहे ते. अशा वेळी दुर्बिणीचे ऑपरेशन सुचवले गेले तर दुसरे मत घ्या. तिथे खरा पर्याय सांधेबदल आहे. जॉन चार्न्ली यांनी १९६२ साली इंग्लंडमध्ये आजच्या पद्धतीचा खुबा बसवला, तेव्हापासून ते ऑपरेशन पुरते घासूनपुसून निघाले आहे.

खुब्याची दुर्बीण गुडघ्याइतकी सोपी नाही. न्यूयॉर्कच्या मायकेल बर्मन यांनी १९३१ साली मृतदेहांवर प्रयोग करून लिहिले होते की गोळा आणि वाटी यांच्यामध्ये सुई घालणे अशक्य आहे. पुढे ते शक्य झाले, पण त्यासाठी भूल देऊन खास टेबलावर पाय खेचावा लागतो, तेव्हा साधारण सेंटिमीटरभर फट पडते. खेचण्यामुळे काही रुग्णांना जांघेत, मांडीच्या बाहेरच्या बाजूला किंवा पावलावर काही दिवस-आठवडे बधिरता राहते. बहुतेकांची जाते, पण हे आधी सांगितले गेले पाहिजे. म्हणून सर्जनना स्पष्ट विचारा, "तुम्ही खुब्याच्या किती दुर्बिणी केल्या आहेत?" गुडघ्याच्या हजार केल्या असतील, तो आकडा इथे चालत नाही. चांगला सर्जन या प्रश्नाने चिडत नाही.

दाणे खूप असतील किंवा दुर्बीण पोहोचत नाही अशा कोपऱ्यात असतील तर सांधा उघडावा लागतो. स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या राइनहोल्ड गांझ यांनी गोळा सुरक्षितपणे वाटीबाहेर काढण्याची पद्धत बसवली. २००१ मध्ये त्यांनी २१३ खुब्यांचा अनुभव प्रसिद्ध केला आणि त्यात एकाही गोळ्याचा रक्तपुरवठा गेला नव्हता. ऑपरेशन मोठे आहे, बरे व्हायला वेळ लागतो, पण 'दुर्बीण म्हणजे आधुनिक आणि उघडे म्हणजे मागास' हा हिशेब चुकीचा आहे. कॉन्ड्रोमॅटोसिसमध्ये दाण्यांबरोबर रोगट अस्तरही काढतात. तरी काहींना ते पुन्हा होते. काढलेला माल पॅथॉलॉजी तपासणीला गेलाच पाहिजे, कारण क्वचित याच रूपात कूर्चेचा कॅन्सर असतो. तो रिपोर्ट मागून घ्या.

खर्चाचे सांगायचे तर, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. तुमचे नेमके ऑपरेशन योजनेत बसते का, हे भरती होण्याआधी त्याच्याकडून कळून घ्या.

आमच्या टेम्पोवाल्यांचे ऑपरेशन मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात झाले, सांधा उघडून. दाणे त्यांनी बाटलीत मागून आणले होते. धाकट्या मुलीने ते मोजले, ४३ भरले. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट चांगला आला. सहा आठवडे कुबड्या, मग फिजिओथेरपी, चार महिन्यांनी पुन्हा टेम्पो. पाय आता अडकत नाही. पण ऑपरेशनच्या कागदांत सर्जननी लिहिले आहे की गोळ्याच्या पुढच्या भागावरचे अस्तर रुपयाएवढ्या जागेत उघडे पडले आहे. जड पोती उचलायची नाहीत, वजन वाढू द्यायचे नाही. पुढेमागे सांधेबदल लागू शकेल, पन्नाशीच्या आसपासही, हे मी त्यांना आणि त्यांच्या पत्नीला समोर बसवून सांगितले आहे. "दोन वर्षं आधी कळलं असतं तर?" असे वहिनींनी विचारले. तेवढे अस्तर तरी वाचले असते का, याचे छातीठोक उत्तर मला देता आले नाही. दर वर्षी एक एक्स-रे काढायचा ठरला आहे. पुढचा दिवाळीनंतर.